रोजच्या वापरातला लिनक्स फोन



आजचा विषय नाव ऐकून जरा नवखा वाटेल, म्हणून सुरुवात घरातल्याच एका गोष्टीने करतो.

माझी आत्या गावी असते. एकदा पहाटे साडेचारच्या सुमारास आमचे आतोबा न्हाणीघरात पाय घसरून पडले. आत्याने घाबरून मला फोन लावला. त्या दिवसांत माझ्या उशाशी लिनक्सवर चालणारा एक फोन असे. आत्याला तिकडे घंटा ऐकू येत होती. इकडे माझा फोन मात्र ढिम्म. तिसऱ्या खेपेला तो एकदाचा जागा झाला. पण मी चाचपडत उचलीपर्यंत पलीकडून बंद झाला होता. शेजाऱ्यांनी रिक्षा आणून आतोबांना दवाखान्यात नेले. सुदैवाने हाड मोडले नव्हते. मुका मार होता, तेवढ्यावर निभावले. आठ दिवसांनी मी भेटायला गेलो तेव्हा आत्या म्हणाली, "अरे, हाक मारल्यावर ओ देत नाही, तो फोन कसला रे? आणि महिनाभर त्याचंच कौतुक सांगत होतास!"

मला तेव्हा उत्तर सुचले नाही. प्रश्न अगदी रास्त होता. फोनने आणखी काहीही करावे, पण आधी वाजावे. ते होत नसेल तर बाकीच्या गुणांचे काय करायचे? तरीही तो फोन मी टाकून दिला नाही. का दिला नाही, आणि आपल्यापैकी कोणाला असा फोन घ्यावासा वाटला तर त्याने काय समजून घ्यावे, हे आज सांगायचे आहे.

आधी लिनक्स म्हणजे काय ते पाहू. संगणक असो की फोन, त्याच्या पोटात एक कारभारी असतो. कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा, स्मरणातली जागा कोणाला किती, पडद्याला आणि ध्वनिवर्धकाला हुकूम कोणी सोडायचा, हा सगळा कारभार तो पाहतो. याला कर्नेल म्हणतात. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातला लायनस टोरवाल्ड्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी असा एक कर्नेल लिहीत होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याने ते जगाला कळवले, आणि मजकूर सर्वांसाठी खुला ठेवला. कोणीही तो वाचावा, दुरुस्त करावा, दुसऱ्याला द्यावा. अट एवढीच, की दुरुस्त केलेला मजकूर वाटायचा असेल तर तोही तसाच खुला ठेवावा. हाच तो लिनक्स. आज जगातले मोठमोठे संगणक यावर चालतात.

आता आपल्यापैकी एखादा जाणकार म्हणेल, "अहो, अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे. मग आमच्या खिशात लिनक्स फोन आधीच आहे की!" म्हणणे खरे आहे. २००८ साली बाजारात आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनपासून पाया लिनक्सचाच आहे. पण पाया एक असला म्हणून घर एक होत नाही. वाड्याचा पाया तोच, पण वरच्या खोल्यांच्या किल्ल्या कोणाकडे, कोणती खिडकी उघडायची आणि कोणती खिळे ठोकून बंद करायची, हे कोण ठरवतो? साध्या फोनात ते कंपनी ठरवते. आपण तिथे भाडेकरू. भाडेकरूला सुख असते, हे नाकारू नये. नळ गळला तर मालकाला सांगायचे, तो प्लंबर पाठवतो. पण मालक एक दिवस म्हणाला, "ही इमारत आता आम्ही दुरुस्त करणार नाही," तर बोचके उचलायला लागते.

मी ज्याला लिनक्स फोन म्हणतो त्यात पायापासून कौलांपर्यंत बहुतेक सारे तेच खुले सॉफ्टवेअर असते, जे टेबलावरच्या लिनक्स संगणकात असते. पडद्यावर बोट फिरवायला फॉश किंवा प्लाझ्मा मोबाइल यांसारखी मांडणी असते; खाली डेबियन, अल्पाइन अशी जुनी नावाजलेली प्रणाली असते. इथे आपण घराचे मालक. आणि घर स्वतःचे असले की पावसाळ्यात मध्यरात्री गळू लागल्यावर कौले चाळायला वर चढायचे कोणी, तर आपणच. आजच्या भाषणाचे सार याच वाक्यात आहे. पुढचे सारे त्याचा खुलासा.

ही कल्पना काल-परवाची नाही. २००७ साली ओपनमोको नावाच्या प्रकल्पाने निओ १९७३ हा खुल्या पद्धतीचा फोन काढला. २००९ साली नोकियाने एन-९०० आणला. त्याला सरकवून बाहेर काढायचा कीबोर्ड होता आणि आत मायमो नावाची लिनक्स प्रणाली होती. २०११ साली नोकियाने मायक्रोसॉफ्टशी हातमिळवणी केली आणि ती वाट सोडली. तिथून बाहेर पडलेल्या काही माणसांनी फिनलंडमध्ये योला ही कंपनी काढली, आणि सेलफिश नावाच्या प्रणालीचा पहिला फोन २०१३ साली विकला. त्याच वर्षी उबुंटूवाल्या कॅनॉनिकल कंपनीने एका नव्या फोनसाठी लोकांकडून ३ कोटी २० लाख डॉलर मागितले. सुमारे १ कोटी २८ लाखांची कबुली मिळाली. रक्कम पुरी न झाल्यामुळे तो फोन निघाला नाही. २०१७ साली कॅनॉनिकलने फोनचा नादच सोडला. पण मजकूर खुला होता, म्हणून यूबीपोर्ट्स या हौशी मंडळींच्या संस्थेने उबुंटू टच पुढे चालू ठेवले. कंपनीने सोडलेले लेकरू गावाने वाढवले, असाच हा प्रकार.

त्यानंतरचे दोन फोन विशेष प्रसिद्ध आहेत. २०१९ च्या अखेरीस ग्राहकांच्या हाती पडू लागलेला प्युरिझम कंपनीचा लिब्रेम ५, आणि २०२० साली १४९ डॉलरला मिळू लागलेला पाइनफोन. शिवाय २०१७ साली सुरू झालेली पोस्टमार्केट ओएस ही प्रणाली आहे. फोन दहा वर्षे चालावा, हे उद्दिष्ट समोर ठेवूनच ती जन्माला आली, आणि जुन्या अँड्रॉइड फोनांत ती बसवता येते.

बरे, इतिहास पुरे. आता आत्याच्या प्रश्नाकडे वळू. फोन वाजत का नाही?

फोनात दोन शहाणे असतात. एक मुख्य प्रोसेसर. पडदा, चित्रे, हिशेब सारे तो करतो, आणि बॅटरीही तोच खातो. दुसरा मोडेम, त्याचे काम मनोऱ्याशी संधान ठेवणे. आपण फोन खिशात टाकला की मुख्य प्रोसेसर झोपतो आणि मोडेम तेवढा वेशीवरच्या रामोशासारखा जागा राहतो. कोणाचा फोन आला की रामोशी आतल्या धन्याला हलवतो. धनी उठतो, डोळे चोळतो, कोण आले ते विचारतो, दिवा लावतो आणि मग घंटा वाजवतो. बड्या कंपन्यांनी वर्षानुवर्षे खपून ही सारी क्रिया पापणी लवण्याइतक्या वेळात बसवली आहे. लिनक्स फोनात कर्नेल एकांनी लिहिलेला, मोडेमशी बोलणारा भाग दुसऱ्यांनी, आवाज सांभाळणारा तिसऱ्यांनी, आणि फोनची खिडकी उघडणारा चौथ्यांनी. एकेक भाग उत्तम असतो, पण चौघांनी एकापाठोपाठ उठायचे म्हणजे काही सेकंद जातात. काही फोनांत तर धनी उठतो तोच रामोशी क्षणभर भोवळ येऊन पडतो; म्हणजे मोडेमचाच आतला जोड तुटून पुन्हा जुळावा लागतो.

काही सेकंद म्हणजे काय मोठे, असे वाटेल. पण आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१९ साली मोबाइलची घंटा वाजण्याचा काळ ३० सेकंद ठरवून दिला आहे. त्यातले दहा सेकंद फोनला जाग येण्यातच गेले, तर झोपलेल्या माणसाला उठायला उरतात वीस. माझ्या पहाटेच्या गोष्टीत हेच घडले होते.

मग फोनला झोपूच देऊ नये, असा उपाय कोणी सुचवील. तसे करता येते. पण मग सकाळी पूर्ण भरलेली बॅटरी संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत टिकेल याचा भरवसा नाही. तेव्हा झोपू दिला तर हाक चुकण्याची भीती, जागा ठेवला तर वाटेतच मान टाकण्याची भीती. अशा फोनांचे बरेचसे काम गेली काही वर्षे या एकाच गाठीवर चालले आहे, आणि ती हळूहळू सैल होत आहे.

दुसरी अडचण जरा खोल आहे. पूर्वी बोलणे एका वाटेने जाई आणि इंटरनेट दुसऱ्या. चौथ्या पिढीच्या जाळ्यात बोलण्याची स्वतंत्र वाट राहिली नाही. आवाजच इंटरनेटच्या पुड्या बांधून पाठवावा लागतो. याला व्होल्टी म्हणतात. आपल्या देशात २०१६ साली सुरू झालेल्या जिओच्या जाळ्यात दुसरी आणि तिसरी पिढी मुळातच नव्हती. म्हणजे व्होल्टी न येणाऱ्या फोनात ते सिमकार्ड घातले, तर इंटरनेट मिळेल पण सरळ बोलणे होणार नाही. आणि व्होल्टी ही अशी गोष्ट आहे, की प्रत्येक जाळ्याच्या रीती थोड्या निराळ्या. त्या मोडेमच्या आत बसवलेल्या असाव्या लागतात. मोडेमच्या आतला मजकूर मात्र बहुधा बंदच असतो. म्हणजे आपण घराचे मालक झालो, तरी देवडीवरचा रामोशी अजून दुसऱ्याच्याच पगारावर आहे!

ही नुसती गैरसोय नव्हे, जिवाशीही गाठ पडू शकते. ऑस्ट्रेलियात २०२४ साली तिसऱ्या पिढीची जाळी बंद झाली, तेव्हा ज्या फोनांना नव्या जाळ्यावरून संकटकाळचा क्रमांक लावता येत नव्हता, ते फोन जाळ्यावर येऊच द्यायचे नाहीत असा नियम तिथे केला गेला. आपल्याकडचा संकटकाळचा क्रमांक ११२. घरातला एकुलता एक फोन हा क्रमांक लावू शकेल की नाही याची शंका असेल, तर तो एकुलता एक ठेवू नये. हे मी अगदी निक्षून सांगतो.

आता बाजारात जाऊ. भाजीवाल्या मावशींकडे वांगी घेतली आणि त्यांनी क्यूआर कोडची पाटी पुढे केली. इथे लिनक्स फोनवाल्याची पंचाईत होते. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयची नेहमीची ॲपे अँड्रॉइड आणि आयफोन या दोन घराण्यांसाठीच आहेत. वेड्रॉइड नावाची एक युक्ती आहे. तिने लिनक्स फोनच्या आत अँड्रॉइडची एक खोली उभी करता येते, आणि पुष्कळ साधी ॲपे त्या खोलीत सुखाने नांदतात. पण पैशाचे ॲप आत शिरताच दोन गोष्टी पाहते: हा फोन प्रमाणित आहे का, आणि याच्यातल्या सिमकार्डावरून मला एसएमएस पाठवता येतो का? त्या खोलीला सिमकार्डाकडे जाणारे दारच नसते. तेव्हा ॲप नमस्कार करून परत जाते.

मग मार्ग काय? रोख पैसे आहेत, कार्ड आहे. बँकेचे संकेतस्थळ ब्राउझरमध्ये उघडते आणि ओटीपी एसएमएसने येतो. तो लिनक्स फोनातही येतो. रेल्वेचे तिकीटही ब्राउझरमधून काढता येते. साध्या फोनवाल्यांसाठी *९९# ही सेवा आहे, आणि २०२२ च्या मार्चपासून यूपीआय १२३पे ही दुसरी सोय आहे. *९९# मात्र फक्त चौथ्या पिढीवर चालणाऱ्या जाळ्यात मिळेलच असे धरून चालू नये. थोडक्यात, पैशाचे व्यवहार अडत नाहीत, पण पाच सेकंदांचे काम कधी पाच मिनिटांचे होते आणि मागे रांग लागते.

निरोपांचेही तसेच. एसएमएस येतो-जातो. व्हॉट्सॲप ब्राउझरमध्ये दिसते, पण खाते उघडायला अँड्रॉइडचा किंवा आयफोन लागतोच, आणि तो मूळ फोन चौदा दिवसांहून अधिक काळ वापरला नाही तर जोडलेली यंत्रे सुटतात. म्हणजे फोन बदलला तरी जुन्या फोनला पंधरवड्यातून एकदा पाणी घालावे लागते. सोसायटीचा, शाळेतल्या मुलांच्या पालकांचा, भावकीचा, सगळ्यांचा गट तिथेच. "मी तिथे नाही," असे सांगणाऱ्याकडे लोक काय नजरेने पाहतात, हे आपण जाणताच.

नकाशा मिळतो. २००४ साली इंग्लंडात सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी लोकांसाठी काढलेला नकाशा आधी उतरवून घेतला, तर घाटात जाळे नसतानाही रस्ता दिसतो. फक्त उपग्रहांची पहिली गाठ पडायला वेळ लागतो. उपग्रह आपला नेमका ठावठिकाणा दर ३० सेकंदांनी सांगत असतो, आणि तो ऐकायला आभाळ मोकळे लागते. साध्या फोनांना हीच माहिती इंटरनेटवरून चटकन मिळते, म्हणून ते झटपट जागा दाखवतात. कॅमेरा हे दुबळे अंग. भिंग चांगले असले तरी चित्र सजवणारी विद्या बड्या कंपन्यांनी गुप्त ठेवलेली असते. मुंजीचे फोटो काढायला या फोनवर विसंबू नये. मराठीची मात्र काळजी नको. देवनागरीचा फाँट बसवला की जोडाक्षरे नीट उमटतात, कारण अक्षरे जुळवणारे हार्फबझ हे खुले सॉफ्टवेअर अँड्रॉइडमध्येही तेच आहे आणि इथेही तेच.

एवढे ऐकल्यावर आपण म्हणाल, "अहो, मग हा उपद्व्याप करायचा तरी कशाला?" रास्त आहे. आता तीही बाजू ऐका.

पहिली गोष्ट आयुष्याची. आपल्या घरातल्या कपाटाचा खालचा खण आठवा. तिथे दोन-तीन जुने फोन पडलेले असतात. पडदा शाबूत, बटणे शाबूत. मेलेले नाहीत, फक्त त्यांची देखभाल कंपनीने थांबवलेली असते. २०२३ पासून काही बड्या कंपन्यांनी नव्या महाग फोनांना सात वर्षे देखभाल देण्याचे कबूल केले, ही चांगली गोष्ट. पण स्वस्त फोन घेणाऱ्याच्या वाट्याला ते येत नाही. लिनक्समध्ये मात्र एखाद्या फोनची ओळख एकदा मूळ कर्नेलमध्ये नोंदली गेली, की कंपनी असो वा नसो, तो नव्या कर्नेलबरोबर पुढे जात राहू शकतो. २००९ सालच्या त्या एन-९०० साठी मायमो लेस्टे नावाची नवी प्रणाली हौशी लोकांनी पुढे उभी केली.

मग सगळेच जुने फोन असे का जगवता येत नाहीत? त्याचे कारण असे. टेबलावरच्या संगणकाचे भाग आपली ओळख स्वतः सांगतात, "मी अमुक, माझी जागा तमुक." फोनातले भाग मुके असतात. कोणती तार कुठे जाते, हे एका यादीत लिहून कर्नेलला द्यावे लागते, आणि कंपनी ती माहिती क्वचितच देते. म्हणून प्रत्येक फोनसाठी कोणीतरी रात्री जागवून ही वंशावळ शोधून काढतो. ज्या फोनला असा भाट मिळाला तो तरला.

दुसरी गोष्ट बटणांची. पाइनफोनच्या पाठीचे झाकण काढले की सहा बारीक बटणे दिसतात. मोडेम, वायफाय, मायक्रोफोन, पुढचा कॅमेरा, मागचा कॅमेरा असे एकेक अंग त्यांनी तोडता येते. लिब्रेमला तीन बटणे बाजूलाच आहेत. ही पडद्यावरची चित्रातली बटणे नव्हेत, खरीखुरी. आपण झोपायच्या खोलीच्या दाराला कडी लावतो. ती शेजाऱ्यावर संशय म्हणून लावत नाही, कडी आपली असावी म्हणून लावतो. तसेच हे.

तिसरी गोष्ट, योग्य फोन असेल तर तो मोठ्या पडद्याला आणि कीबोर्डाला जोडावा. तोच संगणक होतो. ज्या घरात संगणक घेण्याची ऐपत नाही, तिथे याचे मोल फार आहे.

आणि चौथी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. आत्याचा फोन मी का घेऊ शकलो नाही, हे मला त्याच सकाळी कळले. फोनात एक नोंदवही असते. तीत प्रत्येक घटना वेळेसकट लिहिलेली असते. मी ती उघडली. मोडेमने धन्याला पहिल्यांदा हलवल्याची वेळ होती, धनी उठल्याची होती, मग मोडेमचा जोड तुटल्याची आणि पुन्हा जुळल्याचीही होती. तोवर घंटा संपली होती. दोष नेमका कुठे आहे ते समजले. त्याच दोषावर दुसऱ्या कोणी दुरुस्ती लिहून ठेवली होती. ती बसवली, आणि पुढे हाका चुकायच्या पुष्कळ कमी झाल्या. अजिबात थांबल्या असे म्हणत नाही. साध्या फोनने दगा दिला असता तर मी काय केले असते? बंद करून चालू केला असता आणि दुकानात गेलो असतो. इथे मला कारण कळले. मालकी म्हणजे माझ्या मते हेच. वस्तू बिघडली तर का बिघडली हे विचारण्याचा, आणि उत्तर मिळवण्याचा अधिकार.

आता एक व्यापक गोष्ट सांगितली पाहिजे. आज भाजी विकत घ्यायची, बँकेत आपलेच पैसे पाहायचे, शाळेची सूचना वाचायची, तर दोन परदेशी घराण्यांपैकी एकाचा परवाना खिशात असावा लागतो. असा काही कायदा नाही. सोयीसोयीने हे घडत गेले आहे. ज्याला तो परवाना नको, किंवा परवडत नाही, त्याच्यासाठी दुसरे दार उघडे राहिले पाहिजे. लिनक्स फोनवाला, साधा बटणांचा फोन वापरणारे आजोबा आणि जुना फोन न टाकणारी गृहिणी हे तिघे या बाबतीत एकाच रांगेत उभे आहेत. बँका आणि कचेऱ्या आपली कामे ॲपाबरोबरच ब्राउझरमधून, एसएमएसवरून, खिडकीवरून करू देतील, तर तिघांचेही भले आहे. आपण एखाद्या कचेरीत जाल आणि "ॲप नसेल तर काम होणार नाही" असे ऐकाल, तेव्हा शांतपणे विचारा, "दुसरा मार्ग कोणता?" विचारणारे असले तरच मार्ग राहतो.

तेव्हा सल्ला काय? जे डॉक्टर आहेत, ज्यांना अपरात्री बोलावणे येते, जे वृद्ध एकटे राहतात, ज्यांच्या घरात एकच फोन आहे, त्यांनी हा प्रयोग करू नये. ज्यांना हौस आहे, थोडी चिकाटी आहे, आणि जवळ दुसरा फोन आहे, त्यांनी जरूर करावा. नवा फोन विकत घेण्याआधी कपाटातल्या जुन्याचे नाव पोस्टमार्केट ओएस किंवा उबुंटू टच यांच्या यादीत आहे का ते पाहावे. यादीत नुसते नाव असून भागत नाही; बोलणे, एसएमएस, आवाज, झोप या चार गोष्टी चालतात असे तिथे लिहिलेले हवे. बसवण्यापूर्वी त्यातले फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून ठेवावेत, कारण कुलूप उघडताना आतले सारे पुसले जाते. सुरुवातीला दुय्यम सिमकार्ड घालावे. मग पंधरा दिवस परीक्षा घ्यावी. दिवसा, रात्री, निरनिराळ्या जाळ्यांवरून घरच्यांना फोन करायला सांगावे आणि दहातले किती वाजले ते वहीत लिहावे. ११२ मात्र गंमत म्हणून लावू नये. तिथे खरोखरीचा संकटात पडलेला माणूस वाट पाहत असतो. वहीतला हिशेब पाहून मग ठरवावे. नुसत्या उत्साहावर ठरवू नये. मी तसे ठरवले होते, आणि आतोबा पडले तेव्हा त्याची किंमत कळली.

शेवटी आत्याचे उत्तर. गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा तिला सगळे सांगितले. रामोशी, धनी, नोंदवही, सारे. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग मी म्हणालो, "आत्या, तो फोन मी ठेवलाय, पण तुझ्यासाठी एक साधा बटणांचा फोन घेतलाय. तो रात्री उशाशी असतो. तुझ्याकडचा माझा नंबर आता त्यात आहे." ती म्हणाली, "हे आधी सुचलं असतं तर? बरं, आता तुझं ते लिनक्स का काय, ते दाखव तरी. हे बटण कशाचं?"

मी सांगितले, "मायक्रोफोनचं. हे सरकवलं की फोनला काही ऐकू येत नाही."

तिने चष्मा लावला, नखाने ते बटण एकदा इकडे, एकदा तिकडे सरकवून पाहिले, आणि फोन माझ्या हातात देत म्हणाली, "हे मात्र बरं आहे रे."